सूनबाईंचा हुकूम

१९९९ सालच्या फेब्रुवारींत मी पुतण्याकडे अमेरिकेंत सिॲटल येथें होतों. त्या हिंवाळ्यांत जवळच्या माउंट बेकर पर्वतावर बर्फानें कहर मांडला होता. तेथील स्कीच्या मैदानावर संबंध मोसमांत १,१४० इंच, म्हणजे ९५ फूट, हिमवर्षाव झाल्याची नोंद पुढें झाली. दोन दिवस उघाड पडली, तेव्हां हिमपादुका घालून तिकडे जाण्याचा बेत ठरला. या पादुका म्हणजे पायाखालीं बांधण्याच्या लांबट, रुंद चौकटी. त्यांवर भार पसरल्यामुळें माणूस भुसभुशीत बर्फांत फारसा रुतत नाहीं, आणि तळाच्या दांत्यांमुळें चढावर पाय घसरत नाहीं.

निघण्यापूर्वीं पुतणसुनेनें हिमप्रपाताविषयींचें त्या दिवसाचें भाकित वाचलें, व प्रत्येकाच्या हवालीं तीन वस्तू केल्या: गाडल्या गेलेल्याचा ठाव लावणारें बिनतारी यंत्र, घडीची लांब सळई आणि फावडें.

"एवढें ओझें कशाला? फावडें एक पुरे," मीं म्हटलें.

"काका, फावडें ज्याच्याजवळ तोच गाडला गेला, तर त्याला उकरावयाचें कशानें?"

बर्फाखालीं सांपडलेल्यास पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलें, तरच जगण्याची मोठी आशा असते. बाहेरची मदत तोंपर्यंत क्वचितच पोंचते. वाटेंत सूचिपर्णी झाडांच्या बुंध्याजवळही तिनें आम्हांस जाऊं दिलें नाहीं. खालच्या फांद्यांच्या आड पोकळ खड्डा राहतो, आणि त्यांत माणूस डोक्यापर्यंत बुडतो.

दोन तासांनीं आर्टिस्ट पॉइंट हें आमचें ठिकाण जवळ आलें. तोंच पायाखालीं 'धप्प' असा दबका आवाज होऊन बर्फ किंचित् खचला. सूनबाई जागच्या जागीं थांबली. आंतला ठिसूळ थर मोडल्याची ती खूण होती. पुढचा उतार तीस-पस्तीस अंशांचा. बहुतेक हिमप्रपात तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवरच सुटतात.

"परत फिरायचें, काका."

"अग, ठिकाण हाकेवर आहे! पुढें पावलांचे ठसेही दिसताहेत."

"ठसे गेलेल्यांचे आहेत. आपल्या भारानें उतार सुटणार नाहीं, असें ते सांगत नाहींत."

मला राग आला. घरांत शेवटचा शब्द माझा असावयाचा! पण पुतण्या निमूटपणें वळला, आणि मग मीही वळलों.

तो उतार त्या दिवशीं कोसळला कीं नाहीं, हें आम्हांस कळलें नाहीं, व कळण्याची जरुरही नव्हती. मोटारींत बसल्यावर मीं तिला एवढेंच म्हटलें, "सूनबाई, वय माझें अधिक, पण डोंगरावर हुकूम तुझाच."