पाणी बघितलंस का?

आमच्या शाळेच्या आवारात सात शिक्षकांच्या गाड्या उभ्या असतात. त्यात सगळ्यात जुनी माझी. २००९ सालची वॅगन आर, पांढरी. म्हणजे एके काळी पांढरी होती. काटा २ लाख ३१ हजार किलोमीटरवर आहे. स्टाफरूममध्ये महिन्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतंच, "सर, गाडी कधी बदलताय?" मी हसून वेळ मारून नेतो. पण हा प्रश्न मी स्वतःलाही खूपदा विचारला आहे, आणि गेल्या वर्षी गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा त्याचं उत्तर द्यावंच लागलं. ते कसं दिलं, हे आज लिहितोय. माझ्यासारखे पगारावर घर चालवणारे बरेच जण याच पेचात असतील.

गाडी मी २०१३ च्या जूनमध्ये जुनीच घेतली. किंमत १ लाख ५५ हजार, काटा ५१ हजारांवर. शाळा घरापासून बावीस किलोमीटर, एसटीच्या वेळा जुळत नव्हत्या, आणि रत्नागिरीच्या पावसात मोटारसायकलवर रोज भिजून वर्गात उभं राहणं होत नव्हतं. घेताना एका जाणकार मित्राला बरोबर नेलं. त्याने काट्याकडे पाहिलंच नाही. क्लच-ब्रेकच्या पॅडलवरचं रबर किती झिजलंय, स्टिअरिंग किती गुळगुळीत झालंय, सर्व्हिसच्या पावत्यांवर किती किलोमीटर लिहिलेत, हे पाहिलं. "काटा मागे फिरवता येतो, पण पॅडलचं रबर परत जाड करता येत नाही," म्हणाला. पावत्या आणि काटा जुळले. मग सौदा झाला.

त्याच दिवसापासून एक वही ठेवली आहे. दोनशे पानी साधी वही. उजवीकडून उघडली की माझी उर्दूच्या तासांची टिपणं, डावीकडून उघडली की मराठीत गाडीचा हिशोब. तारीख, काटा, काम, रक्कम. पेट्रोल आणि विमा त्यात धरलेला नाही, फक्त देखभाल आणि दुरुस्ती.

या मे महिन्यात बारा वर्षांची बेरीज केली. गाडी माझ्याकडे १ लाख ८० हजार किलोमीटर चालली आणि देखभालीवर ३ लाख २४ हजार रुपये गेले. म्हणजे किलोमीटरला १ रुपया ८० पैसे. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि ॲव्हरेज १५ धरलं तर नुसतं इंधन किलोमीटरला ७ रुपये होतं. जुनी गाडी दुरुस्तीत खाते असं आपण म्हणतो, पण माझ्या गाडीने दुरुस्तीच्या जवळपास चौपट पेट्रोलमध्ये खाल्लं, आणि ते नव्या गाडीनेही खाल्लंच असतं, फार तर थोडं कमी.

पण नुसती सरासरी सांगितली तर मी अर्धंच खरं बोललो असं होईल. पहिल्या चार वर्षांत देखभालीला ६४ हजार लागले, मधल्या चार वर्षांत ९६ हजार, आणि शेवटच्या चार वर्षांत १ लाख ६४ हजार. तेवढ्याच किलोमीटरला खर्च अडीच पटीच्या वर गेला. क्लचप्लेट, इंजिन माउंटिंग, लोअर आर्म, व्हील बेअरिंग, रेडिएटर, सायलेन्सर दोनदा. दीड लाख किलोमीटरच्या पुढे हे भाग ओळीने मान टाकू लागतात. इंजिन मात्र अजून ठणठणीत आहे. चार सिलिंडरचं, १०६१ सीसीचं हे इंजिन टायमिंग बेल्टवर चालतं. २०१० साली आलेल्या नव्या मॉडेलमध्ये तीन सिलिंडरचं, ९९८ सीसीचं इंजिन आलं, त्याला बेल्टऐवजी चेन आहे. बेल्टवाल्या गाडीचं पथ्य सोपं आहे, ठरलेल्या किलोमीटरला बेल्ट बदलायचा, तुटायची वाट पाहायची नाही. हे पथ्य मी पाळलं. दुसरं एक पाळलं नाही.

ती गोष्ट २०२२ च्या एप्रिलमधली.

रेडिएटरच्या खालच्या होज पाइपमधून पाणी पाझरत होतं. आमच्या मिस्त्रींनी सर्व्हिसच्या वेळीच दाखवलं होतं. "सर, होज फुगलाय. साडेतीनशे रुपयांचं काम आहे, करून टाकू." तो महिना रमजानचा, ईद तोंडावर, लेकीच्या क्लासची फी भरायची होती. त्यात पार्ट त्यांच्याकडे नव्हता, शहरातून आणायचा होता. मी म्हटलं, "पुढच्या वेळी बघू." साडेतीनशे रुपये नव्हते असं नाही. काम छोटं वाटलं, एवढंच. वर्गात मुलांच्या वहीवर "आजचे काम आजच करावे" असं मी लाल शाईने लिहितो.

अम्मीला हृदयाच्या तपासणीसाठी कोल्हापूरला न्यायचं होतं. अकराची वेळ मिळाली होती. सकाळी सातला निघालो. पाली, नाणीज, साखरपा मागे पडलं आणि आंबा घाट सुरू झाला. एसी चालू, गाडीत चार माणसं, चढ. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर टेंपरेचरचा काटा वर सरकलेला दिसला. तिथेच थांबायला हवं होतं. पण मी मनात म्हटलं, घाटमाथा जवळच आहे, वर गेल्यावर सावलीत थांबू. एसी बंद केला आणि गाडी दोन किलोमीटर तशीच रेटली. मग बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी बंद पडली.

मी घाईघाईत रेडिएटरचं झाकण उघडायला गेलो. मागे थांबलेल्या टेम्पोचा ड्रायव्हर ओरडला, "ओ दादा, हात लावू नका! तोंड भाजेल!" त्याने मला बाजूला केलं. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी दाबाने अंगावर येतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्या क्षणी ते आठवलं नाही.

अम्मी रस्त्याकडेच्या दगडावर बसली. तिला शुगर आहे, वेळेवर खावं लागतं, त्यामुळे डॉक्टरांनी तिला रोजे ठेवायला मनाई केलेली. डब्यातली भाकरी तिने गाडीतच खाल्ली होती. ऊन चढत होतं. टेम्पोवाल्याने स्वतःजवळची दोन केळी तिला दिली. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, आजही रुखरुख आहे. तब्बल दोन तासांनी दोरी बांधून गाडी साखरप्याला खाली आणली. कोल्हापूरची वेळ गेली. पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. ते तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. अल्लाहच्या कृपेने तपासणीत काही गंभीर निघालं नाही. पण निघालं असतं तर?

अम्मी रागावली नाही. दगडावर बसल्या बसल्या एवढंच म्हणाली, "बेटा, गाडीला पाणी पाजायचं राहिलं होतं का रे?"

मिस्त्रींनी ऑइलची कांडी बाहेर काढली तेव्हा ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं होतं. पाणी ऑइलमध्ये उतरलं होतं, म्हणजे हेड गॅस्केट गेलेली. ॲल्युमिनियमचं हेड तापून किंचित वाकलं होतं, ते लेथवर फेसिंगला पाठवावं लागलं. गॅस्केट, फेसिंग, ऑइल, कूलंट, होज, मजुरी, सगळं मिळून १३ हजार ८०० रुपये. वहीत ती नोंद आहे. तिच्या वर, आधीच्या तारखेला मी लिहिलेलं आहे: "होज पाइप – पुढच्या वेळी."

त्या दिवशी ठरवलं असतं तर गाडी विकून मोकळा झालो असतो. घरातून आणि नातेवाइकांकडून तसा आग्रहही झाला. "अम्मीला घेऊन असल्या गाडीतून जायचं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग नव्या गाडीचा हिशोब मांडून पाहिला. साडेपाच लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, सात वर्षं. हप्ता सुमारे ८ हजार ८५० रुपये. सात वर्षांत नुसतं व्याज १ लाख ९३ हजार. माझ्या जुन्या गाडीच्या सगळ्यात महागड्या चार वर्षांतसुद्धा देखभालीचा खर्च महिन्याला ३ हजार ४०० रुपयांच्या आसपास होता.

व्याजाचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. अब्बांनी हयातीत व्याजाचा पैसा घेतला नाही आणि दिला नाही. मी तेवढा परहेजगार नाही. घराच्या वेळी पतपेढीचं कर्ज मी काढलं आहे आणि त्याचं ओझं मनावर आहे. पण घर ही गरज होती. चालती गाडी दाराशी असताना चारचौघांत बरं दिसावं म्हणून पुन्हा व्याजात शिरणं मला पटेना. पण व्याज टाळलं एवढ्यावर मी सुटत नाही. जुनी वस्तू ठेवायची तर ती अमानतीसारखी जपायला हवी. तिला ना नवी करायची, ना नीट सांभाळायची, आणि वर काटकसरीचा टेंभा मिरवायचा, हे मी त्या होजच्या बाबतीत केलं होतं.

२०२४ च्या जुलैमध्ये नोंदणीची पंधरा वर्षं संपली. दिल्ली परिसरातला पंधरा वर्षांचा नियम ऐकून बऱ्याच जणांचा समज असतो की आपल्याकडेही गाडी भंगारात द्यावी लागते. तसं नाही. महाराष्ट्रात खासगी गाडीची तपासणी होऊन नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. नूतनीकरणाचं शुल्क २०२४ मध्ये ५ हजार रुपये होतं, शिवाय पर्यावरण कर. पुढे नव्या नंबर प्लेटचे ७४५ रुपये आणि जीएसटी.

अर्ज करण्याआधी मी मिस्त्रींना म्हटलं, "गाडी उचलून खालून दाखवा. मला खरं सांगा." कारण कोकणात गाडी इंजिनाने मरत नाही, पत्र्याने मरते. खारी हवा, चार महिने पाऊस, चाकांखालचा लाल चिखल. वरून रंग चकचकीत असतो आणि खाली दरवाज्याखालची पट्टी बोटाने दाबली तर आत जाते. माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखाली आणि डाव्या बाजूच्या पट्टीत सडलेलं निघालं. पत्र्याचं काम करून घेतलं, खालून कोटिंग मारलं. सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेलं असतं ती जागा मात्र शाबूत होती. मिस्त्री म्हणाले, "सर, ही जागा सडली असती तर मीच तुम्हाला विका म्हटलं असतं. इथे पॅच मारून गाडी चालवायची नसते."

मिस्त्रींचं हे वाक्य मी वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. त्याखाली आणखी दोन अटी. एक, वर्षाचा देखभालीचा खर्च ६० हजारांच्या पुढे गेला तर गाडी काढायची. दोन, मिस्त्रींनी दाखवलेलं छोटं काम पंधरा दिवसांत करायचं, ईद असो की लग्न. छोट्या गाडीचं एक मोठं सुख आहे, तिचे पार्ट तालुक्याच्या दुकानात मिळतात आणि तिचं काम येणारा माणूस बहुतेक गावांत असतो. मग कारण द्यायला जागाच उरत नाही.

२ लाख ३१ हजार किलोमीटर हा आकडा ऐकून आता मला भीती वाटत नाही आणि फुशारकीही मारावीशी वाटत नाही. जुनी गाडी घेणाऱ्याने काटा जरूर बघावा, पण आधीच्या मालकाची वही मागावी. वही नसेल तर निदान पावत्या. दर ५ हजारांना ऑइल बदललेली दोन लाखांची गाडी मी डोळे झाकून घेईन. पाणी न बघितलेली साठ हजारांची नाही घेणार.

दर रविवारी फजरनंतर, इंजिन थंड असताना, मी बॉनेट उघडतो. कूलंट, ऑइल, ब्रेक ऑइल, होज, बेल्ट. दहा मिनिटं लागतात. अम्मी ओट्यावर तसबीह घेऊन बसलेली असते.

कोल्हापूरच्या खेपेला मी भाड्याची गाडी करायची म्हणतो, अम्मी ऐकत नाही. "आपली गाडी असताना भाडं कशाला?" म्हणते. मात्र मागच्या सीटवर बसायच्या आधी, दरवाजा धरून, दर वेळी एकच विचारते, "पाणी बघितलंस का?"

मी रविवारी बघितलेलं असतं. तरी बॉनेट पुन्हा उघडतो.