ड्रायर, तीन लिटर पाणी आणि बाबांचा दमा

पावसाळ्यात मुंबई-ठाण्याकडचा कुठलाही टू बीएचके बघा. हॉलभर दोऱ्या, पंख्याखाली जीन्स, खुर्च्यांच्या पाठीवर टॉवेल आणि सगळीकडे तो खास कुबट वास. आमच्याकडे यात बाबांच्या दम्याची भर. जुलैत त्यांच्या खोलीच्या भिंतीला बुरशी धरते आणि पंप उशाशी येतो. म्हणून यंदा ड्रायर घ्यायचाच असं मी आणि आईने ठरवलं. बाबांचं म्हणणं, "माझ्यासाठी एवढा खर्च नको." त्यांचं मत २ विरुद्ध १ ने फेटाळण्यात आलं :-)

आधी एक घोळ निस्तरू. आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या दुसऱ्या टबला 'ड्रायर' म्हणतात. तो कपडे पिळतो, वाळवत नाही. मी म्हणतोय तो टंबल ड्रायर, म्हणजे फिरत्या ड्रममध्ये गरम हवा सोडून कपडे पार कोरडे करणारा.

दुकानात सेल्समन आधी किलो विचारतो. माझं मत, आपण आधी लिटर विचारावेत. ५ किलो सुती कपडे १००० आरपीएमवर पिळले तरी त्यांत साधारण ३ लिटर पाणी उरतं. ते जाणार कुठे? हॉलमध्ये वाळत घातले तर घरातल्या हवेत, तिथून भिंतीत. ड्रायरचे प्रकार म्हणजे या एकाच प्रश्नाची तीन उत्तरं.

पहिलं, व्हेंटेड. हवा तापवायची, कपड्यांतून फिरवायची आणि ४ इंची पाइपाने बाहेर सोडायची. "बाहेर इतकं दमट असताना चालेल?" असं आईने विचारलं. चालतं. २८ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा ६५ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता १३ टक्क्यांच्या आसपास येते. मशीनही स्वस्त. पण पाइप काढायला बाहेरच्या भिंतीला भोक पाडायचं म्हणजे सोसायटीची कमिटी आली! आणि पाइप न जोडता चालवला तर ते ३ लिटर पुन्हा घरातच.

दुसरं, कंडेन्सर. हा वाफेचं पाणी करून टाकीत साठवतो. टाकी दर वेळी रिकामी करा नाहीतर नळी मोरीत सोडा. उष्णता मात्र खोलीतच राहते.

तिसरं, हीट पंप. तत्त्व आपल्या फ्रिजचंच. थंड बाजूला वाफेचं पाणी होतं, आणि त्यातून मिळालेली उष्णता गरम बाजूला पुन्हा हवा तापवायला वापरली जाते.

आता विजेचं गणित. १ लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६५ युनिट लागतं, म्हणजे ३ लिटरला २ युनिट. प्रत्यक्षात हीटरवाले ड्रायर ३ युनिटच्या आसपास घेतात आणि हीट पंप साधारण निम्म्यात काम उरकतो. पण त्याला वेळ जास्त लागतो, किंमतही बरीच जास्त. युरोपियन युनियनने तर १ जुलै २०२५ पासून नियम इतके कडक केले की तिथे नवे ड्रायर हीट पंपचेच आणावे लागतात. एक फुकटातली युक्ती: वॉशिंग मशीन १४०० आरपीएमवर पिळत असेल तर तेच वापरा. अर्धा लिटर पाणी तिथेच कमी होतं.

मग साइझ. ड्रायरचे किलो कोरड्या सुती कपड्यांचे असतात. कपड्यांना आत उलटंपालटं व्हायला जागा हवी, नाहीतर बेडशीटचा गोळा होतो आणि मधे ओल राहते. त्यामुळे ड्रायर वॉशिंग मशीनइतका किंवा किलोभर मोठा घ्यावा. दोघांना ५-६ किलो पुरतो, चौघांना ७-८. धुणं-वाळवणं एकाच मशीनमध्ये हवं असेल तर लेबल नीट वाचा. ८ किलो धुणारं मशीन बरेचदा ५ किलोच वाळवतं, आणि त्यातली बरीचशी वाफ थंड करायला नळाचं पाणी वापरतात. मे महिन्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीत हे परवडायचं नाही.

मी रीतसर एक्सेल शीट केली. वर्षाला चार महिने, रोज एक लोड, दर लोडला दीड युनिट वाचलं तर १८० युनिट. १० रुपये दर धरला तर १८०० रुपये. एवढ्यात हीट पंपच्या किमतीतला फरक लवकर वसूल होत नाही. चारच महिने वापरणार असाल तर कंडेन्सर बिनधास्त घ्या. बाकी आठ महिने ऊन फुकट आहे, आणि उन्हात वाळलेल्या चादरीचा वास कुठल्याच मशीनला जमत नाही.

आम्ही मात्र ८ किलोचा हीट पंप ठरवला. मशीन बाबांच्या खोलीबाहेरच्या पॅसेजमध्येच बसणार. तिथे रोज ३ युनिटची उष्णता सोडण्यापेक्षा दीड बरी. शीटमध्ये या गोष्टीला कॉलम नव्हता. तो मी हाताने टाकला.