ओझं किती, पाटे कसले?

आमच्या घरी एक जुनी जीप आहे. फोर-व्हील ड्राइव्ह, मागे उघडा हौदा, पुढे-मागे दोन्हीकडे पाटे. अब्बांनी ती सेकंडहँड घेतली तेव्हा आम्ही दोघे भाऊ शाळेत होतो. गावावरच्या सड्यावर आमची हापूसची कलमं आहेत. तिथे जायची वाट जांभ्या दगडातून काढलेली, उभ्या चढणीची. साधी गाडी अर्ध्यातच बसते. त्यामुळे ही जीप म्हणजे घरातला एक माणूसच. आंब्याच्या पेट्या, शेणखत, चिरे, लग्नाच्या डेगा, रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचा शेजारी, सगळं तिनेच वाहिलं.

दोन वर्षांपूर्वी सड्यावर नवी साठ कलमं लावली. कातळावरच्या कलमांना पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालावंच लागतं आणि वर विहीर नाही. म्हणून हौद्यात ५०० लिटरची टाकी बसवली. पाटे आधीच थकलेले, त्यांची कमान उतरलेली. टाकी भरली की जीपचं मागचं अंग बसायचं, पुढच्या दिव्यांचा उजेड झाडांच्या शेंड्यांवर जायचा आणि प्रत्येक खड्ड्यात ॲक्सल रबरी ठोकळ्यावर आदळायचा.

आम्ही गाडी एका गॅरेजात नेली आणि सांगितलं, ‘सगळ्यात मजबूत पाटे टाका.’ त्यांनी दोन्ही बाजूंना जास्तीचे जाड पाटे भरून दिले. टाकी भरली तरी जीप हलेना. आम्ही खूश.

आठवड्यातून एकदा तरी सड्यावर जाणं हा अब्बांचा वर्षानुवर्षांचा नेम. दोन वर्षांमागे त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं, तरी बरे झाल्यावर ते जात राहिले. त्या फेब्रुवारीपासून मात्र त्यांनी कारणं काढायला सुरुवात केली. कधी ऊन फार, कधी झोप नीट झाली नाही. आम्हाला वाटलं, वय झालं. एका रात्री जेवणं उरकल्यावर अम्मी म्हणाल्या, ‘त्यांना बाग नकोशी झालेली नाही रे. त्या जीपमधून आले की दोन दिवस त्यांना उठता-बसता येत नाही. तुम्ही हौसेने पाटे बसवले, म्हणून बोलत नाहीत.’

आम्ही दोघेही गप्प झालो. रिकामी जीप वाटेवर उडते, हे आम्हालाही जाणवत होतं. पण तरुण कमरेला जो धक्का वाटतो, तो ऑपरेशन झालेल्या कमरेला काय वाटत असेल, हा विचारच केला नव्हता.

मग महाडच्या बाजूला पाट्यांचं काम करणाऱ्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. सलाम-दुआ झाली. चाचांनी जीपकडे पाहिलंही नाही. पहिला प्रश्न केला, ‘ओझं किती?’

‘खूप आहे, चाचा.’

‘खूप म्हणजे किलो किती? आणि वर्षातले दिवस किती? आधी काट्यावर जाऊन या.’

दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर गेलो. आधी रिकामी जीप, मग टाकी भरून आणि आम्ही दोघे बसून. दोन्ही वेळा पूर्ण गाडीचं वजन घेतलं, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून घेतलं. रिकामी जीप १३१० किलो, भरलेली २०३०. वाढलेल्या ७२० किलोंपैकी ६६० किलो एकट्या मागच्या ॲक्सलवर होते. म्हणजे पुढचे पाटे बदलायची गरजच नव्हती. पण खरा धक्का नोंदणीच्या कागदाने दिला. त्यात आमच्या जीपचं भरलेलं वजन जास्तीत जास्त १८५० किलो लिहिलेलं होतं. आम्ही १८० किलो जास्त लादून उभ्या उतारावरून ये-जा करत होतो.

चाचा म्हणाले, ‘पाटे जाड केले म्हणून ब्रेक मोठे होत नाहीत, ॲक्सल जाड होत नाही, टायरही बदलत नाहीत. पाटे फक्त गाडी बसू देत नाहीत. त्यामुळे उलट आपल्याला कळतच नाही की ओझं जास्त झालंय.’

दिवसांचा हिशेब आम्ही तिथेच बोटांवर केला. फेब्रुवारी ते मे, आठवड्यातून दोनदा पाणी, म्हणजे वर्षात साधारण पस्तीस दिवस. तेही फक्त चढताना, उतरताना टाकी रिकामी. बाकीचं सगळं वर्ष जीप हलकीच. या पस्तीस चढणींसाठी आम्ही वर्षभर अब्बांची कंबर ठेचत होतो.

मग चाचांनी समजावलं. नुसती उंची हवी असेल तर जुन्या पाट्यांना पुन्हा कमान देता येते, पण थकलेलं पोलाद नीट तापवून पाणी दिलं नाही तर थोड्याच दिवसांत परत बसतं. त्याच जाडीचा एखादा पाटा वाढवला तर ताठरपणा बेताने वाढतो. जाडी वाढवली तर मात्र हिशेब फार झपाट्याने बदलतो. ६ मिलीमीटरचा पाटा काढून ८ चा टाकला तर त्या एका पाट्याचा ताठरपणा दुपटीहून जास्त होतो. आमचं नेमकं तेच झालं होतं. असे ताठ पाटे खराब वाटेवर पकडही घालवतात. चाक खड्ड्यात उतरायला हवं, ते हवेत लटकतं आणि नुसतं फिरतं. रिकामी जीप चढणीवर घसरते कशी, याचंही उत्तर मिळालं.

आमच्यासाठी चाचांनी सुचवला तो मार्ग साधा होता. मूळ जाडीचे नवे पाटे, आणि तळाशी एक सरळ हेल्पर पाटा. गाडी हलकी असताना हेल्पर मोकळाच राहतो. ओझं आलं, वरचे पाटे खाली दबले की मगच तो टेकतो आणि भार घेतो. वर्षभर रोज ओझं वाहणाऱ्या गाडीला कायमचे जड पाटे हवेत. कधीतरी वाहणाऱ्या गाडीला असा मदतनीस पुरतो.

दोन्ही बाजूंचे पाटे एकदम बदलले. यू-बोल्ट नवेच घातले. जुने एकदा ताणले गेले की भरवशाचे राहत नाहीत. बुशही बदलले. शॉकअप दमले होते, तेही घेतले, कारण पाटा उसळी देतो आणि ती आवरायचं काम शॉकअपचं. चाचांनी बजावलं होतं, ‘थोडे दिवस गाडी चालवा आणि यू-बोल्ट पुन्हा आवळायला या.’ आम्ही गेलो, तेव्हा दोन्ही बाजूंना ते थोडे फिरले.

राहिली टाकी. ५०० लिटरची काढून ३०० ची बसवली आणि ती हौद्यात जमेल तेवढी पुढे सरकवली. पुन्हा काट्यावर नेली, भरलेली जीप १८२० किलो. कागदाच्या आत, पण जेमतेम. पाण्याला आता एकाऐवजी दोन फेऱ्या लागतात. डिझेल जास्त जातं, सकाळ मोडते. धाकट्याची कुरकुर होते, थोरल्याचीही होते, फक्त ती ऐकू येत नाही.

मे महिन्यात एका सकाळी आम्ही अब्बांना म्हटलं, ‘चला, आज फक्त वाटेच्या पहिल्या वळणापर्यंत.’ त्यांनी अम्मींकडे पाहिलं. अम्मी भांडी आवरत राहिल्या. अब्बा पुढे बसले, हात दांड्यावर घट्ट. पहिलं वळण आलं, आम्ही थांबलो. ते काही बोलले नाहीत. हात दांड्यावरून काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाले, ‘थांबलात का? कलमं वर आहेत.’

वर त्यांनी साठही कलमं एकेक करून पाहिली. चार मेली होती. ती कोणती, हे त्यांनी आम्हाला सांगितलं. आम्ही दोन महिने पाणी घालत होतो, आमच्या लक्षात आलं नव्हतं.

गाडीवर ओझं वाढवणाऱ्या कुणालाही आम्ही आता चाचांचेच दोन प्रश्न विचारतो: किती किलो आणि किती दिवस? तिसरा आम्ही आमच्याकडून जोडतो: शेजारी कोण बसणार आहे? कारण मजबूत पाटे मागितले की मिळतात. ज्याला त्रास होतो, तो मात्र बऱ्याचदा काहीच मागत नाही.