गोकर्णाचा वेल

गोकर्णाच्या वेलाला फार लाड मानवत नाहीत. भरपूर ऊन आणि चढायला दोन दोऱ्या मिळाल्या की त्याचं भागतं. वाटाणा, पावटा हे त्याचेच भाऊबंद. पण वाटाण्याला असतात तसे तणावे याला नाहीत. कोवळा शेंडा स्वतःच आधाराभोवती वळत वर जातो. गज सापडला तर गज, शेजारची तुळस सापडली तर तुळस. तिला तेवढी वेळेवर सोडवावी लागते.

बी मात्र हट्टी. कवच टणक असतं, म्हणून पॉलिशपेपरवर जरा घासून रात्रभर पाण्यात भिजत घालावं आणि पावसाच्या सुरुवातीला पेरावं. मुळांवर बारीक गाठी धरतात. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र वेलाला पुरवतात. तरीही हौसेनं युरिया घातला, की पाला माजतो आणि फुलं रुसतात.

फूल हातात घेऊन नीट पाहिलंय कधी? ते उलटं असतं. पावट्याच्या फुलाची मोठी पाकळी वर ताठ उभी राहते. गोकर्णाची खाली पसरते, निळीभोर, मधोमध पिवळसर पांढरा डाग आणि त्यातून कडेकडे फाकणाऱ्या बारीक शिरा. पराग वरच्या अंगाला दडलेले. आत शिरणाऱ्या माशीच्या पोटाला नव्हे, पाठीला ते लागतात. खरं तर माशीवाचून फारसं अडतही नाही. बहुतेक फुलं आपली आपणच फळतात. पांढऱ्या गोकर्णाच्या बियांतून पुन्हा पांढराच वेल येतो, तो बव्हंशी त्यामुळेच.

आता निगेचं. आमच्या सोसायटीत पहाटे पिशवी घेऊन दुसऱ्यांच्या कुंपणावरची फुलं खुडणाऱ्या आजी आहेत. (प्रत्येक सोसायटीत असतात.) त्यांच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांना मी सांगतो, वेलाच्या खऱ्या माळिणी त्याच. फूल राहिलं की शेंग धरते, शेंगा लगडल्या की वेलाचा सगळा जोर बियांकडे वळतो आणि बहर ओसरतो. रोज फुलं खुडली तर वेल पुन्हा पुन्हा फुलत राहतो. देवपूजेनं हे काम कुणाला न सांगता पिढ्यान्‌पिढ्या करून घेतलं.

हल्ली याच फुलांचा ‘ब्लू टी’ डबीतून महाग विकला जातो. गरम पाण्यात चार फुलं टाका, पाणी निळं होतं. लिंबू पिळलं की जांभळं. पोरं खूश होतात. चवीला म्हणाल तर विशेष काही नाही.

दोन-तीन शेंगा मात्र वेलावर वाळू द्या. तपकिरी झाल्या की लगेच काढा, नाहीतर पीळ पडून तडकतात आणि बी उडून जातं. एका शेंगेत सहा ते दहा बिया असतात. शेजारीपाजारी वाटा, गोकर्णाचं बी विकत आणायचं नसतं, मागून आणायचं असतं.