नकाशातलं पांढरं

जाम्बात्तिस्ता नोल्ली नावाच्या मोजणीदाराने १७३६ साली रोम शहर मोजायला घेतलं आणि १७४८ साली त्याचा नकाशा ताम्रपटांवर कोरून छापला. बारा मोठ्या कागदांचा हा नकाशा आहे. घरं आणि इमारती त्यात रेघांनी दाट भरल्या आहेत, रस्ते आणि चौक पांढरे सोडले आहेत. पण नोल्ली तिथेच थांबला नाही. चर्चचे अंतर्भाग, पँथिऑनचं गोल दालन, कितीतरी प्रासादांची अंगणं त्याने पांढरीच ठेवली. रस्त्यावरचं पांढरं दारातून सरळ आत शिरतं आणि खांबांमधून फिरत पार मागच्या भिंतीपर्यंत पोचतं. जिथे शहरातला कुणीही माणूस शिरू शकतो ती जागा शहराची, असाच मी हा नकाशा वाचत आले आहे.

आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला असताना स्टुडिओच्या भिंतीवर त्याची झेरॉक्स लावलेली होती. आमच्या सरांनी विचारलं, ‘‘तुमच्या गल्लीचा असा नकाशा काढला तर पांढरं किती उरेल?’’ मी पुण्यात नारायण पेठेतल्या वाड्यात वाढले. आमचा दिंडी दरवाजा दिवसभर उघडा असे. भाजीवाली, पोस्टमन, बोहारीण पहिल्या चौकापर्यंत बिनदिक्कत येत. भाजीवाली तर पाटी उतरवून पायरीवर जेवायलाही बसायची. दुसऱ्या चौकात नळ होता, तिथे वाड्यातल्याच बायका. त्यापुढे ज्याचं त्याचं स्वयंपाकघर. कोण कुठवर येणार हे कुणी शिकवलं नव्हतं, पण आम्हा पोरांना पक्कं ठाऊक होतं. त्या रात्री ट्रेसिंग पेपरवर मी पहिला चौक पांढरा सोडला आणि दुसऱ्यापाशी पेन्सिल घेऊन बराच वेळ बसून राहिले. तो वाडा आता नाही. तिथे सोसायटी झाली. गेटवर वॉचमनच्या वहीत नाव, वेळ, फ्लॅट नंबर लिहून आत जावं लागतं.

पुढे मी शिकवायला लागले, तेव्हा दरवर्षी मुलांना तुळशीबागेत घेऊन जायचे. भांड्याकुंड्यांची, कानातल्या-बांगड्यांची गर्दी ओलांडून कमानीतून आत गेलं की राममंदिराचं आवार लागतं. मंदिर अठराव्या शतकातलं, म्हणजे नोल्लीच्या नकाशाच्याच शतकातलं. खरेदीने थकलेल्या बायका तिथे पिशव्या पायाशी ठेवून टेकतात. त्या बायका जिथे टेकतात तिथपर्यंत पांढरं, असं मी मुलांना सांगायचे.

यंदा मुलांची एक टर्म रोममध्ये आहे आणि सोबत मी आहे. पहिले दिवस कागदपत्रांतच गेले. इटलीत पोचल्यापासून कामाच्या आठ दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करावा लागतो. अर्जाचा संच पोस्टात मिळतो, त्यावर लावायचा सोळा युरोंचा मुद्रांक मात्र सिगारेट-तंबाखूच्या दुकानातून आणायचा. पोस्टात नंबराची चिठ्ठी धरून मुलं बसली होती. पासपोर्टच्या पानापानाच्या झेरॉक्स पुन्हा पुन्हा मोजत होती. घरापासून एवढ्या लांब पहिल्यांदाच आलेली ही मुलं. कुणी सोलापूरचं, कुणी चिपळूणचं. ‘‘मॅम, रस्त्यात कुणी अडवलं तर?’’ असं एकीने अगदी हळू विचारलं. परवाना कागदाने मिळतो, पण आपण इथे वावरू शकतो ही खात्री कागदाने येत नाही. ती पायांनीच मिळवावी लागते, आणि पहिल्या दिवसांत शिक्षकाने त्यासाठीच सोबत असायचं असतं.

म्हणून फोन बॅगेत ठेवायला लावले आणि नोल्लीच्या नकाशाचे तुकडे हातात दिले. अरुंद गल्ल्यांतून वळत वळत आम्ही सांत-इग्नात्सिओच्या चौकात आलो. फिलिप्पो रागुझ्झिनीने १७२०च्या दशकात आखलेला हा चौक म्हणजे समोर वळणदार घरांचे दर्शनी भाग आणि त्यांच्या फटींतून निघणारे रस्ते. जणू नाटकाचा रंगमंच आणि त्याच्या विंगा. मुलांनी उभ्या उभ्या भराभर स्केचेस केली. पण चौकातल्या चर्चच्या पायऱ्यांपाशी सगळी थबकली.

‘‘चपला काढायच्या का?’’
‘‘नाही. खांदे तेवढे झाका.’’
‘‘मॅम, आपण ख्रिश्चन नाही. चालेल ना?’’

मी नकाशावर बोट ठेवलं. चौकाचं पांढरं आणि आतलं पांढरं एकच होतं, मध्ये दाराएवढी फट. सोलापूरच्या मुलीने ओढणी खांद्यांवर घेतली आणि पहिली तीच आत गेली. आत आंद्रेआ पोत्झोने सपाट कापडावर रंगवलेला घुमट आहे. जमिनीवरच्या खुणेवर उभं राहिलं की तो खरा वाटतो, चार पावलं सरकलं की कलंडतो. मुलं पुढे-मागे होऊन ते बघत होती. पण त्या मुलीने वहीत घुमट काढला नाही. मागच्या बाकावर बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन, डोळे मिटून बसलेली एक म्हातारी तिने काढली. खाली लिहिलं, ‘तुळशीबाग’. मला भरून आलं.

त्यानंतर मुलं सुटली. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या अखंड वाहणाऱ्या नळांवर बाटल्या भरू लागली. १८७४पासून रोमने हे नळ बसवले आणि त्यांचं पाणी कुणालाही फुकट आहे. चिपळूणचा मुलगा मसूर डाळ शोधत तोर्पिन्यात्ताराला गेला. त्या वस्तीत बांगलादेशी लोक पुष्कळ आहेत. दुकानदार त्याच्याशी हिंदीत बोलला, त्याला स्टूल दिलं, चहा पाजला. मुलाने आपल्या नकाशात ते दुकान पांढरं सोडलं. नोल्लीने दुकानं भरूनच टाकली होती, तरी मी ते खोडायला सांगितलं नाही.

खरा वाद झाला पँथिऑनवर. २०२३च्या जुलैत तिथे पर्यटकांना पाच युरोंचं तिकीट लागू झालं. प्रार्थनेला येणाऱ्यांना आणि रोमच्या रहिवाशांना ते नाही. एक गट म्हणाला, तिकीट आलं की रेघा आल्या. दुसरा म्हणाला, जो प्रार्थनेला येतो त्याला अजून दार उघडं आहे, मग पांढरंच. दोन्ही गटांचं ऐकताना मला आमच्या वाड्याचा चौक आठवत होता. उघडी जागा एकदा बांधली की कायमची उघडी राहते असं नाही. कुणीतरी ती उघडी ठेवत असतं आणि लोक आत येत असतात, तोवरच ती पांढरी. वापर थांबला, बोलणारं कुणी उरलं नाही, की रेघा भरायला वेळ लागत नाही. वास्तुरचना शिकणाऱ्या या मुलांच्या हातून उद्या शेकडो दारं आखली जाणार आहेत. कुठलं दार किती उघडं ठेवायचं, हे त्यांनी अशा पायऱ्या स्वतः चढून ठरवावं असं मला मनापासून वाटतं.

पँथिऑन कसं दाखवायचं याचा निर्णय मी प्रत्येकावर सोपवला. फक्त प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात त्या दिवशीची तारीख घालायला सांगितली आहे.