एकोणचाळीस मिनिटांची मुंबई

मुंबईत सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात बारा वाजून साधारण एकोणचाळीस मिनिटं झालेली असतात. ऋतूप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, इतकंच. आपली घड्याळं मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेली. मुंबई त्याच्या पश्चिमेला साडेनऊ अंशांहून जरा जास्तच दूर, आणि एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो. नागपूरची माध्यान्ह मुंबईच्या पंचवीस मिनिटं आधीच होऊन गेलेली असते.

या एकोणचाळीस मिनिटांवर माझा जीव आहे, कारण मुंबईने ती सहजासहजी सोडली नाहीत.

आगगाड्या धावत त्या मद्रासच्या वेळेवर. शहर मात्र आपल्या वेळेने चाले, अर्धा तास मागे. गाडी गाठायची तर हा हिशेब मनात पक्का हवा. १८८१ साली सरकारने मद्रासची वेळच सगळ्या मुंबईला लावून पाहिली. लोक बधले नाहीत. प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या राजाबाई टॉवरवरचं घड्याळ मुंबईचीच वेळ सांगत राहिलं, तेव्हा त्याच्या दिवाबत्तीचा खर्च द्यायला सरकारने नकार दिला! केवढा हा राग, आणि तो एका घड्याळावर. अखेर १८८३ मध्ये सरकारनेच हात टेकले.

१ जानेवारी १९०६ पासून देशाची एकच प्रमाणवेळ आली. कागदावर काटे सरकले; पण गिरणीत त्याचा अर्थ एवढाच होता की भोंगा चाळीस मिनिटं आधी वाजणार आणि अंधारातच चाळीतून बाहेर पडावं लागणार. कामगारांनी निषेध केला, काम थांबवलं. त्यांचं म्हणणं मला आजही रास्त वाटतं. ती झोप त्यांची होती. महापालिकेने आपल्या घड्याळांवर मुंबईची वेळ कायम ठेवली. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ मध्ये सोडली. मुंबईची चालली थेट १९५५ पर्यंत. म्हणजे स्वातंत्र्यानंतरही आठ वर्षं या शहरात दोनदा बारा वाजत होते.

पारशी मंडळी दिवसाचे पाच गाह, म्हणजे प्रार्थनेचे प्रहर, मानतात. सकाळच्या हावन गाहाची प्रार्थना मुंबईत आजही बारा एकोणचाळीसपर्यंत चालते. दुपारचा गाह लागतो तो त्यानंतर.