तिसऱ्या मजल्यापर्यंतची ऊब

न्यूयॉर्कमधील क्वीन्स भागात, जॅक्सन हाइट्स येथे आमचे घर आहे. क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने १९०९ पासून येथील शेतजमिनी घेतल्या. १९१७ साली उन्नत रेल्वे आली आणि आत बाग राखलेल्या विटांच्या इमारती उभ्या राहिल्या. आज चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर साड्यांची आणि मसाल्यांची दुकाने आहेत. परंतु एके काळी या वसाहतीत ज्यू आणि कृष्णवर्णीय कुटुंबांना घर नाकारले जात असे. १९९३ पासून हा परिसर ऐतिहासिक वारसा म्हणून संरक्षित आहे. रस्त्याकडील खिडकी बदलायची तरी शहराच्या आयोगाची परवानगी लागते.

आमची इमारत महायुद्धापूर्वीची, अवघ्या सोळा घरांची. ती सहकारी असल्याने येथे घर विकत मिळत नाही. संस्थेचे भाग मिळतात आणि त्यांच्या आधारे राहण्याचा भाडेपट्टा. तत्पूर्वी संचालक मंडळ मुलाखत घेते. आमचे बँकेचे कागद पाहून झाल्यावर तिसऱ्या मजल्यावरील वृद्ध बाईंनी एवढेच विचारले, "तळघरात पाणी शिरले, तर रात्री उठून खाली याल ना?" आम्ही हसत होकार दिला.

चार वर्षांनी मी खजिनदार झालो आणि ऐन जानेवारीत बॉयलर निकामी झाला. राखीव निधी अपुरा होता. भागांच्या प्रमाणात एकरकमी जादा आकारणी मी सुचविली आणि ती संमत झाली. माझा हिशेब चोख होता. दुसऱ्या दिवशी बाई जिन्यात भेटल्या. निवृत्तिवेतनात एवढी रक्कम निघणार नाही, भाग विकावे लागतील, असे त्या शांतपणे म्हणाल्या. मला त्यांचा प्रश्न आठवला. पाणी शिरले होते, आणि मी वरच थांबलो होतो.

मी पुन्हा सभा बोलावली. दोघांनी कडाडून विरोध केला. त्यांचेही म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. अखेर असे ठरले की, ज्यांना शक्य आहे त्यांनी लगेच भरावे, इतरांनी दोन वर्षांत; तूट संस्थेने कर्जाऊ घ्यावी आणि व्याज सर्वांनी वाटून घ्यावे. माझ्या वाट्याला आलेले व्याज फार नव्हते. ते वाचविण्यासाठी मी कोणाचे घर पणाला लावले होते, याची लाज मात्र अजून वाटते.

आता पहाटे नळ्या खडखडू लागतात आणि तळघरातील वाफ वर चढते. मी जागा होतो आणि ती तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत ऐकत राहतो.